उचलून लाव

आत्याच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला एक सूचना ऐकावी लागायची: "उचलून लाव." पाहुणा असेल तर "उचलून लावा हं." दार नुसतं ओढलं की ठप्प करून कशावर तरी आपटायचं आणि उलटं यायचं. पाहुणा ओशाळून आणखी जोरात ओढायचा. मग आत्या स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणायची, "जोर नको, उचला." आतल्या हँडलला धरून दार किंचित वर घ्यायचं, भरलेली कळशी उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे ठेवताना घेतो तेवढं, आणि मग ओढायचं. खट्. लागलं. आमच्या घरातली मुलं सायकल शिकायच्या आधी हे शिकली.

गाडी म्हणजे 1969 सालची फियाट 1100 डी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, 'पद्मिनी' हे नाव पडायच्या आधीची. आत्यानं ती 1977 साली एका साखर कारखान्याच्या साहेबांकडून जुनी घेतली. नवीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे आणि आत्याला तेवढा दम कधीच नव्हता. ती डॉक्टर. कोल्हापुरात शाहूपुरीत दवाखाना, आणि आठवड्यातले दोन दिवस पन्हाळ्याच्या बाजूची गावं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग बाकासारखी. त्या बाकावर आत्या, मध्ये तिची बॅग, कडेला मी. मला बरोबर न्यायचं कारण औषधांच्या पुड्या बांधणं असं ती सांगायची. खरं कारण परतीच्या रस्त्यावर झोप येऊ नये म्हणून बोलायला कुणीतरी हवं, हे होतं.

पुढची दोन्ही दारं उतरलेली होती. उजवं, म्हणजे तिच्या बाजूचं, जास्त. ते कधीपासून, हे कुणाला आठवत नव्हतं. मला तर वाटायचं की फियाटची दारं अशीच असतात, जशी काही घरांची कडी डाव्या हातानं लावायची असते.

2023 च्या दिवाळीत उजवं दार उचलूनही लागेना. आत्यानं गाडी चालवणं सोडून सात वर्षं झाली होती, पण महिन्यातून एकदा मी ती सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायची. त्या दिवशी दार सुतळीनं बांधून गाडी परत आणली. आत्या गॅलरीतून बघत होती. "पोत्याचं तोंड बांधल्यागत काय बांधलंयस ते," म्हणाली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं दोन मिनिटांत निकाल दिला. कुलूप अडतंय, थोडं घासून देतो, अर्ध्या तासात न्या. मी जवळजवळ हो म्हणणार होते. अर्ध्या तासात होणाऱ्या कामाचा मोह कुणाला नसतो? पण त्याच्याकडे कानस सापडेना, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला, आणि मी "उद्या येते" म्हणून निघाले. पुढचं सगळं त्या न सापडलेल्या कानशीमुळे.

दुसरे मिस्त्री उद्यमनगरच्या एका मागच्या गल्लीत भेटले. साठीच्या पुढचे, डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणारे, पण नव्या गाड्यांना हात लावत नाहीत. "त्यात काय, बदलाबदलीच हाय नुसती." त्यांनी आल्या आल्या पाना-हातोडी काही उचललं नाही. दार होतं तसं टेकवून ठेवायला सांगितलं आणि खिशातून काडेपेटी काढली. मला वाटलं विडी ओढणार. त्यांनी काडी घेतली आणि पुढचं दार आणि मागचं दार यांच्यामधल्या उभ्या फटीत वरून खाली फिरवली. वरच्या टोकाला काडी शिरेना. मध्ये अडखळत गेली. खाली माझी करंगळी जाईल एवढी जागा.

"दोन सूत उतरलंय," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण या गाड्यांच्या दोन दारांमधली फट मुळात चार-पाच मिलिमीटरची असते.

मग दार फूटभर उघडलं, तळाशी मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही बिजागरीकडं बघा, माझ्याकडं नको." त्यांनी दार वर उचललं, सोडलं, उचललं. वरच्या बिजागरीत पिन आणि तिचं भोक यांच्यात हालचाल डोळ्यांना दिसत होती, दुधाच्या दातासारखी. पिन सुमारे मिलिमीटरभर हलत असेल. एवढ्यानं एवढं मोठं दार कसं उतरेल, असं मी विचारलं. त्यांनी हाताचा पंजा माझ्यासमोर धरला आणि मनगट किंचित वाकवलं. बोटांची टोकं बरीच खाली गेली. मी तिथेच टेप लावला: दाराची लांबी साधारण 90 सेंटिमीटर, दोन बिजागऱ्यांमधलं अंतर साधारण 35. वरची बिजागरी एक मिलिमीटरनं सैल झाली तर कुलपाकडची बाजू अडीच मिलिमीटर खाली येणार. दाराचं सगळं ओझं वरची बिजागरी ओढून धरते आणि खालची दाबून. म्हणून वरची आधी झिजते. तिरकं होऊन दाराचा वरचा मागचा कोपरा मागच्या दाराला भिडतो आणि खालचा दूर जातो. काडी आणि करंगळीनं सांगितलं ते हेच.

पण त्यातून अडीच-तीन मिलिमीटरचाच हिशोब लागत होता. उरलेलं एक सूत कुठून आलं?

ते मिस्त्रींनी लगेच सांगितलं नाही. आधी त्यांनी खांबावरचा स्ट्रायकर काढून टाकला. स्ट्रायकर म्हणजे दाराच्या कुलपाची जीभ जिथे अडकते तो खांबावरचा पोलादी तुकडा. लागत नाही म्हणून दार आणलं आणि यांनी ते लागायची सोयच काढून टाकली! पण कारण साधं आहे. स्ट्रायकर जागेवर असला की दार त्याच्या आधारानं उचललं जातं, आणि आपल्याला वाटतं दार ठीक बसलंय. तो काढला की दार बिजागऱ्यांवर खरोखर कसं लटकतंय ते उघडं पडतं.

आणि तो काढल्यावर त्याच्या खालचा खांब दिसला. स्क्रूची भोकं गोल नव्हती. उभी लांबवलेली होती, कानशीनं घासून. त्यांच्याभोवती रंगाचे तीन वेगवेगळे कडे होते, एकाखाली एक. सगळ्यात वरचा मूळचा, फिकट मलईचा. मग एक पिवळसर. मग आत्यानं 1990 च्या आसपास गाडी रंगवून घेतली तेव्हाचा.

"दार खाली आलं तसं कुलूप खाली नेलंय," मिस्त्री म्हणाले. "तीनदा तर दिसतंयच. दार वर कुणी घेतलंच न्हाई."

हे मी संध्याकाळी आत्याला सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं, कुणीतरी तीनदा पैसे घेऊन फसवलं म्हणून. ती उलट हिशोब मांडायला बसली. एकदा नक्की कळे गावाच्या पुढे, पावसाळ्यात. गाडी चिखलात रुतली, गावातले चारजण आले. ढकलायला मागून जागा नव्हती, म्हणून दोघांनी उघड्या दारांना धरून ढकललं. "माझ्या बाजूचा तर दारावर लोंबकळतच होता." दुसऱ्यांदा कधी ते आठवेना. तिसऱ्याचं कारण तिनं जरा थांबून सांगितलं. गुडघे दुखायला लागले तेव्हापासून गाडीतून उतरताना ती दाराच्या वरच्या कडेला धरून त्याच्यावर भार देऊन उठायची. दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षं. "मीच की गं," म्हणाली. आणि मग, "पण दरवेळी दुसऱ्या दिवशी दवाखाना असायचा. कुलूप खाली नेलं तर एका तासात गाडी हातात. दार वर न्यायला आठवडा लागला असता. तो आठवडा मला कुणी दिला असता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उरलेल्या एका सुताकडे वळते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला मुद्दाम बोलावलं. गाडीच्या उजव्या बाजूला, दोन दारांमधल्या खांबाच्या पायाशी, लाकडाची जाड फळी ठेवून त्याखाली जॅक लावला होता. जॅक हळूहळू वर नेत त्यांनी मला फटीत काडी धरायला सांगितली. गाडीचं चाक जमिनीवरून सुटलंही नव्हतं, आणि अडलेली काडी वरून आत शिरली. बिजागरीला कुणी हातही लावला नव्हता.

म्हणजे दार उतरलं होतं ते होतंच, शिवाय दाराची चौकटच मिटत चालली होती.

जीपला खाली लोखंडी चेसी, म्हणजे सांगाडा, असते, वर डबा. जीपची दारं काढून टाकली तरी ती धावते, आपण पाहिलेलीच आहे. फियाट 1100 तशी नाही. ही गाडी मुळात इटलीत दान्ते जाकोसा यांनी घडवली, 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि तिला वेगळी चेसी नव्हतीच. पत्र्याचा डबा हाच सांगाडा. छप्पर, खांब, तळ आणि दाराखालची पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, यांनी मिळून ओझं पेलायचं. (त्या सुरुवातीच्या गाड्यांची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या कडेला बिजागऱ्या असलेली होती. आपल्याकडे लोक त्यांना डुक्कर फियाट म्हणायचे. चालत्या गाडीत तसं दार चुकून उघडलं तर वारा ते धरून फेकून देणार. पुढच्या मॉडेलांत ते सरळ केलं, हे बरंच झालं. आत्याच्या बाबतीत तर फारच बरं झालं.) दारासाठी एवढं मोठं भोक पाडल्यावर त्या जागी सांगाड्याला उरतं काय? वर छपराची कड आणि खाली सिल. सिल कुजलं की गाडी मध्ये वाकते, छप्पर दाबलं जातं आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही खांब वरच्या बाजूनं जवळ येतात. दार वर अडतं. लक्षण अगदी झिजलेल्या बिजागरीसारखंच. म्हणून आधी जॅक लावून बघायचं. नाहीतर नव्या पिना टाकून, पैसे देऊन, दार होतं तिथेच.

सिल का कुजलं, हे विचारायची गरज नव्हती. ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट; तेव्हा पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. शाहूपुरीत आमच्या गल्लीत होडी फिरत होती. आत्याला आदल्या रात्री कावळा नाक्याकडे हलवलं. गाडी तिथेच राहिली, सीटच्या तळापर्यंत पाण्यात, कित्येक दिवस. पाणी ओसरल्यावर आम्ही काय काय केलं! इंजिन उघडलं, ऑइल तीनदा बदललं, सीट उन्हात घातल्या, गालिचे फेकले. महिन्याभरात इंजिन सुरू झालं तेव्हा सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सिलच्या पोटात कुणी डोकावलं नाही. डोकावायला भोकच नसतं.

मिस्त्रींनी सिलचा बाहेरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकत पाहिला. पुढे टणटण, मध्ये बद्द, आणि मागच्या खांबाजवळ स्क्रूड्रायव्हर उलटा करून दाबला तर सरळ आत. वर रंग शाबूत. रंगाखाली लांबी, लांबीखाली काही नाही. घराच्या भिंतीला भरतात ती लांबी, तीच इथे सांगाड्याच्या जागी उभी होती.

त्यांनी एकदम कापायला घेतलं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. आधी काडी नीट बसेल त्या उंचीवर जॅक ठेवून गाडीला दोन्हीकडून टेकू दिले. दारं उतरवली. मग दाराच्या रिकाम्या चौकटीत एक पाइप आडवी आणि एक तिरकी, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, टाके मारून जोडली. आता सिल काढलं तरी चौकट हलणार नाही. हे न करता सिल कापलं तर गाडी कापताक्षणी वाकते, नवा पत्रा त्या वाकलेल्या आकारात जोडला जातो, आणि मग जगातलं कुठलंच दार तिथे बसत नाही. "आधी मोडलेलं हाड सरळ करायचं, मग प्लास्टर. डॉक्टरीणबाईंना इचारा." मी विचारलं. आत्या म्हणाली, "त्यांना सांग, माझं ते खातं नव्हे, पण बरोबर आहे."

सिल उघडल्यावर आतून गाळ निघाला. वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या, करड्या, एकावर एक, आणि बोटात घेतल्या की पावडरसारख्या. चार वर्षं नदी तिथे बसून होती. दाराच्या पोटातही तेच. आतलं रेक्झीनचं पॅनेल काढलं तर दाराच्या पत्र्यावर पाण्याची रेघ आखल्यासारखी दिसत होती. दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरणारच, ते अडवायचं नसतं, खालून जाऊ द्यायचं असतं. आमची सगळी भोकं बंद. काही गाळानं, काही 1990 च्या रंगानं. दाराच्या तळात गाळाबरोबर दोन केसांचे आकडे मिळाले, काचेच्या फटीतून पडलेले. मिस्त्रींच्या पोरानं त्यातलाच एक सरळ करून भोकं मोकळी केली. आकडा आत्याचाच. ती अजूनही तेच वापरते.

नवं सिल अठरा गेजच्या पत्र्याचं, हातानं वाकवून केलेलं. आतून रेड ऑक्साइड, वरून जुनं इंजिन ऑइल फवारलेलं. सीओटू वेल्डिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मारलं नाही. इथे इंचभर, तिथे इंचभर, मध्ये हात लावून गार झालंय का पाहायचं. सलग मारलं तर उष्णतेनं पत्रा ओढला जातो आणि मिळवलेलं सूत परत जातं. या कामाला नऊ दिवस लागले. खर्च सांगत नाही, घरातले लोक वाचतात.

पिना मात्र दोन तासांचं काम. वरची पिन काढून मिस्त्रींनी माझ्या तळहातावर ठेवली. बाळगुटीतलं वेखंड उगाळून उगाळून जसं एका बाजूनं खोलगट होतं, हुबेहूब तशी. खालची जवळपास धड होती, पण गंजून अडकलेली. डिझेलमध्ये भिजवून, गॅसवर तापवून काढावी लागली. नवी पिन आयती आणून उपयोग नव्हता, कारण भोकही अंडाकृती झालेलं. चार दुकानं सोडून लेथवाला. त्यानं भोक मोठं करून गोल केलं, त्यात गनमेटलचं बुश, म्हणजे एक छोटी नळी, ठोकलं, आणि बुशच्या मापाची पोलादी पिन वळवली. पिन आणि बुश यात किती फरक ठेवला, असं मी विचारलं. "दोन थाउ." थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका गल्लीत सूत आणि थाउ दोन्ही भाषा चालतात, आणि कुणी गोंधळत नाही. पिनला तेल द्यायला वर एक बारीक खाच ठेवली. "वर्षातनं दोनदा एक थेंब. जास्त नको, धूळ धरती." मुळात इतक्या वर्षांत त्या बिजागऱ्यांना कुणी एक थेंब दिला असता तर, असं मनात आलं. बोलले नाही. महिन्याकाठी गाडी सुरू करणारी मीच.

माझी एक चूक इथे लिहून टाकते. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. आता सामान मिळणं बंद होणार अशा घाबरटपणानं मी फोनाफोनी करून दारांचं नवं रबर मागवून ठेवलं होतं. जाड, छान, पोकळ, काळंभोर. दारं चढवायच्या दिवशी ते अभिमानानं दिलं. मिस्त्रींनी बोटांत दाबून पाहिलं, काही बोलले नाहीत, बसवलं. दार लागेना. मघाशी रबराशिवाय हाताच्या तळव्यानं लागणारं दार आता खांदा लावून ढकलावं लागत होतं. इतकं सगळं करून पुन्हा पहिल्या दिवसावर! माझा चेहरा पाहून ते हसले. "दार बरोबर हाय. रबर दांडगं हाय." मूळचं रबर याच्या निम्म्या जाडीचं असणार. जाड रबर दाबायच्या नादात लोक मग काय करतात? स्ट्रायकर बाहेर सरकवतात. म्हणजे पुन्हा तेच, दुखणं एकीकडे आणि इलाज कुलपाला. मी आणलेलं रबर आता आमच्या कोठीच्या दाराला लावलंय. उंदीर येत नाहीत.

दारं चढवायचा क्रम मला उलटा वाटला होता. मी धरून चालले होते की उजवं पुढचं दार आधी, कारण भांडण त्याचं. त्यांनी सुरुवात मागच्या दारापासून केली. मागच्या दाराच्या मागे मडगार्डचा पत्रा अंगचाच आहे, तो हलवता येत नाही. म्हणून मागचं दार त्या पत्र्याशी जुळवायचं, पुढचं दार मागच्या दाराशी, आणि शेवटी पुढचं मडगार्ड पुढच्या दाराशी. पंगतीला बसवताना भिंतीकडून सुरू करावं तसं.

तरीही उजव्या दाराची वरची कड, काचेच्या चौकटीची, थोडी बाहेर राहिली. खालून दार पत्र्याला समतल, वरून बोटाच्या पेराएवढं उघडं. तिथून वारा शिट्टी वाजवणार आणि पाऊस आत येणार. यावर त्यांनी जे केलं ते पाहून मी डोळे मिटले. दाराच्या खालच्या भागात, दार आणि खांब यांच्यामध्ये, लाकडाचा ठोकळा ठेवला. दार त्याच्यावर टेकवलं. आणि वरच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून, गुडघा दारावर टेकवून, सगळं अंग घालून दाबलं. पत्रा कुरकुरला. सोडलं, पाहिलं. पुन्हा दाबलं, या वेळी थोडं कमी. तिसऱ्यांदा नुसता तळवा टेकवल्यासारखं. मग पेपरची एक पट्टी फाडून चौकटीत धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. पट्टी अडली, ताणली, आणि हळूच निघाली. दर वितीवर पट्टी लावून पाहिली. एके ठिकाणी ती सुळकन निघाली, तिथे परत हात.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"मार खाऊन."

सगळ्यात शेवटी स्ट्रायकर. लांबवलेली भोकं वेल्डिंगनं भरून, घासून, मूळच्या जागी, म्हणजे त्या पहिल्या मलई रंगाच्या कड्यात, नवी भोकं पाडली. दाराच्या कुलपाला खडू फासला, दार लावलं, उघडलं. खडूची खूण स्ट्रायकरच्या बरोबर मधोमध. वर नाही, खाली नाही. मिस्त्रींनी दार पुरतं उघडलं आणि दोन बोटांनी ढकलून दिलं. ते सावकाश आलं आणि लागलं. त्या आवाजाचं वर्णन करायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि खोडून टाकला. जाड पुस्तक मिटल्यावर येतो, त्याच्या जवळचा होता.

2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर घेता येतो. गाडीचं मूळ रूप बदललेलं नसावं, आणि तो नंबर घेतल्यावर ती रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा लोक जशी मान वळवतात, तशी आपल्या फियाटकडे वळवतील, असं भाऊ म्हणतो. तो पुण्यात राहतो, त्याला म्हणायला काय. आत्यानं अजून हो-नाही केलेलं नाही. "रोज वापरायची नाही तर मग दार कशाला नीट केलंस?" असा तिचा प्रश्न आहे.

गाडी घरी आणली त्या दिवशी ती काठी टेकत खाली आली. वय 84. मी तिच्यासाठी डावीकडचं दार उघडून उभी राहिले, आणि ती माझ्यासमोरून, गाडीच्या नाकाला वळसा घालून, उजवीकडे गेली. बसली. स्टिअरिंगवर हात फिरवला, गिअरचा दांडा न्यूट्रलला आहे का ते हलवून पाहिलं. मग हात बाहेर काढून आतल्या हँडलला धरलं, दार वर उचललं आणि ओढलं.

वर उचलायला आता काही नव्हतं. पिन दोन थाउच्या वर हलत नाही. तिच्या हाताचा निम्मा जोर तिथेच जिरला, आणि दार अर्ध्या खटक्यावर येऊन थांबलं. लागलेलं दिसतं, पण लागलेलं नाही, असं. वळणावर उघडेल असं.

"हे बिघडवलंस तू," ती म्हणाली.

"आत्या, उचलू नकोस. नुसतं ओढ."

तिनं उघडलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ओढलं, आणि मनगट तसंच वर गेलं, तिच्याही नकळत. पुन्हा अर्धा खटका. तिसऱ्यांदा तिनं हँडल सोडलं, दाराची काच खाली घेतली, कोपर खिडकीवर ठेवलं, जसं ती पन्हाळ्याच्या चढावर ठेवायची, आणि कोपरानंच दार आत घेतलं.

"बस," म्हणाली. "तू उचलून लावू नको आता."